पॅच लावूनही तीच सुरक्षा त्रुटी पुन्हा अहवालात का येते? स्टोरेज आणि बॅकअप सर्व्हरसाठी समस्या निवारण

बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि खानापूर भागातील सौहार्द संस्था, सहकारी बँका, रुग्णालये, साखर कारखाने आणि उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखाने यांचे संगणक विभाग सांभाळणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. सुरक्षा लेखापरीक्षणात नॅस (नेटवर्कवर जोडलेले फाइल साठवण्याचे उपकरण), फाइल सर्व्हर किंवा बॅकअप सर्व्हरवर गंभीर त्रुटी दाखवली जाते. हुबळी, कोल्हापूर किंवा पुण्याहून देखभाल कराराचा अभियंता येतो, अपडेट करतो आणि काम पूर्ण झाल्याची सही घेऊन जातो. पुढच्या तपासणीत मात्र तीच त्रुटी, किंवा तिच्याशी मिळतीजुळती दुसरी, पुन्हा लाल रंगात दिसते. मग पुन्हा अभियंत्याला फोन केला जातो, पुन्हा अपडेट होते आणि हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते.

या चक्रातून बाहेर पडायचे असेल तर अभियंत्याला बोलावण्याआधी त्रुटी परत का आली याचे निदान करावे लागते. अहवालात दिसणारे लक्षण एकच असले तरी त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांतील काही कारणांवर पॅच (त्रुटी बुजवणारी दुरुस्ती) हा उपायच नसतो. म्हणून पहिले काम म्हणजे मागचा आणि आताचा असे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून त्यांतील सीव्हीई क्रमांक (प्रत्येक ज्ञात त्रुटीला दिलेला ओळख क्रमांक) जुळवून पाहणे. क्रमांक तोच असेल तर पॅच पोहोचलेला नाही, पोहोचून पुसला गेला आहे किंवा त्रुटी शोधणारा स्कॅनर चुकीचे वाचतो आहे. क्रमांक नवा असून सॉफ्टवेअरचा भाग तोच असेल, तर दोष मांडणीत आहे आणि तो एका अपडेटने जाणार नाही. क्रमांक अहवालातून गेला, पण सर्व्हरवर अनोळखी लॉगिन दिसत राहिले, तर पासवर्ड आधीच बाहेर गेले आहेत असे समजून चालावे.

क्रमांक तोच असेल तर

आवृत्ती पाहताना ‘बारावी आवृत्ती आहे’ एवढ्यावर थांबू नये, पूर्ण बिल्ड क्रमांक (सॉफ्टवेअरच्या नेमक्या प्रतीचा क्रमांक) पाहावा, आणि काही वेळा तोही पुरत नाही. मार्च २०२३ मध्ये वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन या सॉफ्टवेअरमधील सीव्हीई-२०२३-२७५३२ ही त्रुटी जाहीर झाली. बाराव्या आवृत्तीचा मूळ बिल्ड क्रमांक १२.०.०.१४२० होता आणि पॅच लावल्यावरही तो १२.०.०.१४२० असाच राहिला. फक्त त्यापुढे २३ फेब्रुवारी २०२३ या तारखेचा पॅच-क्रमांक जोडला गेला. जो स्कॅनर फक्त बिल्ड क्रमांक वाचतो, त्याला पॅच लावलेला आणि न लावलेला सर्व्हर वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी कन्सोलमधील ‘अबाउट’ खिडकीचा स्क्रीनशॉट, ज्यात पॅचची तारीख स्पष्ट दिसते, तोच पुरावा धरावा लागतो.

याच उदाहरणात दुसरी अडचणही दडलेली आहे. त्या तारखेच्या किंवा त्यानंतरच्या आयएसओ फाइलमधून (स्थापनेसाठीच्या डिस्क-प्रतीतून) केलेली नवी स्थापना या त्रुटीपासून मुक्त होती, आधीच्या फाइलमधून केलेली नव्हती. देखभालीच्या अभियंत्याकडील पेनड्राइव्हवर महिनोन्महिने तीच जुनी आयएसओ असते. डिस्क बिघडून सर्व्हर नव्याने उभारायची वेळ आली की ती वापरली जाते आणि बुजवलेली त्रुटी परत येते. म्हणून प्रत्येक नव्या स्थापनेसाठी फाइल उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्याच दिवशी उतरवून घ्यावी आणि तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी खूण) जुळवून पाहावा, अशी अट करारातच घालणे मला आवश्यक वाटते.

आभासी यंत्रांच्या (सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या रूपात चालणाऱ्या संगणकांच्या) बाबतीत हेच अधिक नकळत घडते. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर तालुक्यात, वीज वारंवार जाते आणि यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर सर्व्हर अर्धवट अवस्थेत बंद पडतो. फाइल सिस्टिम बिघडते आणि सर्वांत जवळच्या चांगल्या बॅकअपवरून यंत्र परत उभे केले जाते. तो बॅकअप पॅचच्या आधीचा असेल तर डेटा परत मिळतो आणि त्रुटीही परत मिळते. त्या गडबडीत सर्वांचे लक्ष शाखा पुन्हा सुरू होण्याकडे असते, त्यामुळे आवृत्ती तपासण्याचे भान राहत नाही. रिस्टोअरच्या नोंदवहीत ‘रिस्टोअरनंतरचा बिल्ड क्रमांक’ असा एक रकाना वाढवावा आणि तो भरल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

दोन कंट्रोलर असलेल्या स्टोरेजमध्ये एकाच कंट्रोलरवर नवे फर्मवेअर (उपकरणातील मूळ सॉफ्टवेअर) चढलेले असते आणि दुसरा जुनाच राहतो. फेलओव्हर झाला, म्हणजे एक बंद पडून काम दुसऱ्याकडे गेले, की जुना पुढे येतो. दोन्हींची आवृत्ती स्वतंत्रपणे वाचून घ्यावी.

नॅसच्या बाबतीत सर्वाधिक फसगत होते ती ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्यावरील अ‍ॅप्स यांतील फरक लक्षात न घेतल्यामुळे. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर ‘क्यूलॉकर’ या रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली कोंडणाऱ्या सॉफ्टवेअरने) मोठा हल्ला केला आणि फाइली सेव्हन-झिपने पासवर्ड घालून कोंडून ठेवल्या. त्यात वापरलेली सीव्हीई-२०२१-२८७९९ ही त्रुटी एचबीएस-३ या बॅकअप अ‍ॅपमध्ये होती. मुख्य फर्मवेअर अद्ययावत आहे म्हणून अ‍ॅपही अद्ययावत आहे असे होत नाही. अ‍ॅप सेंटर उघडून प्रत्येक अ‍ॅपची आवृत्ती वेगळी तपासावी आणि जे अ‍ॅप कोणी वापरत नाही ते काढून टाकावे. फोटो, संगीत, व्हिडिओ यांची अ‍ॅप्स संस्थेच्या नॅसवर असण्याचे मला तरी कोणतेही कारण दिसत नाही.

कधीकधी मात्र पॅच व्यवस्थित लागलेला असतो आणि अहवालच चुकीचा असतो. रेड हॅट, डेबियन आणि त्यांच्यावर आधारलेल्या लिनक्स प्रणालींमध्ये सांबासारख्या फाइल शेअर करणाऱ्या सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती तशीच ठेवून फक्त दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणली जाते. मे २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०१७-७४९४ या सांबामधील त्रुटीची दुरुस्ती मूळ प्रकल्पाने ४.६.४, ४.५.१० आणि ४.४.१४ या आवृत्त्यांत दिली होती. परंतु ज्या प्रणालीने ती दुरुस्ती स्वतःच्या जुन्या पॅकेजमध्ये आणली, तिथे सांबाचा क्रमांक जुनाच दिसतो. बाहेरून केवळ क्रमांक वाचणारा स्कॅनर अशा सर्व्हरला दोषी ठरवतो. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, तो सीव्हीई क्रमांक शोधावा. तो सापडला तर त्या ओळींची प्रत लेखापरीक्षकाला द्यावी आणि पुढची तपासणी सर्व्हरचे लॉगिन देऊन, म्हणजे आतून, करण्याची विनंती करावी. स्कॅनर चुकला असेल असे गृहीत मात्र धरू नये. चेंजलॉगमध्ये क्रमांक सापडला नाही, तर अहवाल खरा मानून काम सुरू करावे.

क्रमांक नवा, पण जागा तीच

या प्रकाराकडे आपल्या भागात सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वीम बॅकअप अँड रेप्लिकेशनचाच पुढचा इतिहास पाहावा. सप्टेंबर २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-४०७११ जाहीर झाली; तिची तीव्रता १० पैकी ९.८ होती आणि लॉगिन न करता दुरून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. त्याच वर्षी अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत तिचा वापर झाल्याचे समोर आले. मार्च २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-२३१२० आली आणि जून २०२५ मध्ये सीव्हीई-२०२५-२३१२१. दोन्हींची तीव्रता ९.९. या शेवटच्या दोन त्रुटींमध्ये एक अट समान होती. बॅकअप सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनमध्ये (संस्थेचे संगणक आणि खाती एकत्र सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेत) जोडलेला असेल तरच त्या लागू होत होत्या आणि तसे असल्यास डोमेनमधील कोणताही साधा वापरकर्ता त्यांचा गैरफायदा घेऊ शकत होता.

मार्चमधील त्रुटीचे मूळ, बाहेरून आलेला डेटा उलगडून त्यापासून वस्तू बनवण्याच्या प्रक्रियेत, म्हणजे डिसीरियलायझेशनमध्ये, आहे. कोणते प्रकार धोकादायक आहेत याची निषिद्ध यादी ठेवून संरक्षण करायचे ठरवले, की यादीत नसलेला नवा प्रकार कोणीतरी शोधून काढतो, तो यादीत घातला जातो आणि पुढचा शोध सुरू होतो. अशा वेळी प्रत्येक पॅच आवश्यकच असतो, परंतु आपल्याकडची अडचण पॅचने संपत नाही.

शाखेतील रोखपालाचा किंवा रुग्णालयाच्या स्वागतकक्षातील डोमेन पासवर्ड फिशिंगने गेला, तर तोच बॅकअप सर्व्हरपर्यंत पोहोचायला पुरेसा ठरावा ही मांडणीच सदोष आहे. बॅकअप सर्व्हर डोमेनमधून बाहेर काढून वर्कग्रुपमध्ये, म्हणजे स्वतंत्र यंत्र म्हणून, ठेवावा, त्याचे प्रशासक खाते स्वतंत्र असावे आणि ते इतर कोणत्याही सर्व्हरवर वापरू नये. मोठ्या संस्थेत हे गैरसोयीचे असेल तर व्यवस्थापनासाठी वेगळे डोमेन उभारावे. डोमेनमधून काढताना सेवांची खाती, बॅकअप जॉबमध्ये साठवलेली ओळखपत्रे आणि फाइल शेअरचे अधिकार तुटतात, म्हणून हे काम सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू करू नये. दुसऱ्या दिवशी मदतीला माणूस असेल अशी वेळ निवडावी, आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप घ्यावा आणि नंतर प्रत्येक जॉब एकदा हाताने चालवून पाहावा. बॅकअप सर्व्हर वर्कग्रुपमध्ये ठेवलेल्या संस्थेला २०२५ च्या वरील दोन्ही त्रुटी लागूच झाल्या नसत्या.

क्रमांक गेला, पण पासवर्ड बाहेर आहेत

काही त्रुटींचे स्वरूपच असे असते की त्यांतून चोराच्या हाती गुपित लागते, आणि पॅच ते गुपित परत आणू शकत नाही. वर उल्लेखलेली सीव्हीई-२०२३-२७५३२ अशीच होती. नेटवर्कवरून ९४०१ या टीसीपी पोर्टपर्यंत (सर्व्हरच्या नेटवर्कवरील क्रमांकित प्रवेशद्वारापर्यंत) पोहोचणाऱ्या कोणालाही, लॉगिन न करता, कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये साठवलेली ओळखपत्रे मागवता येत होती. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये कोणाची ओळखपत्रे साठवलेली असतात याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते: आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअर किंवा हायपर-व्हीचा प्रशासक, डेटाबेसचे खाते, नॅसचे खाते आणि बऱ्याच ठिकाणी चक्क डोमेन अ‍ॅडमिन.

मिनआयओ या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये मार्च २०२३ मध्येच सापडलेली सीव्हीई-२०२३-२८४३२ याच जातीची. क्लस्टर पद्धतीने चालणाऱ्या मिनआयओकडून सर्व्हरचे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स (सर्व्हर सुरू होताना दिलेली सेटिंग्ज) बाहेर दिले जात होते आणि त्यांत मूळ प्रशासकाचा पासवर्डही असे. अशा कोणत्याही त्रुटीच्या काळात सर्व्हर पॅचशिवाय चालू होता असे लक्षात आले, तर पॅच लावल्यानंतर त्या सर्व्हरने साठवलेला एकूण एक पासवर्ड आणि की बदलावी. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पासवर्ड बदलले आणि पॅच नंतर लावला, तर नवे पासवर्डही त्याच वाटेने जाऊ शकतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात एखादा जॉब तुटतो आणि म्हणूनच ते टाळले जाते. पण मागच्या वर्षीची त्रुटी बुजवलेली असताना यंदा जुन्याच खात्याने कोणी आत आले, तर त्यामागे बहुधा हीच टाळाटाळ असते.

सर्व्हरपर्यंत बाहेरून कोण पोहोचू शकते

जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ रॅन्समवेअरने क्यूनॅपची इंटरनेटवर उघडी असलेली उपकरणे गाठली आणि प्रत्येक ग्राहकाकडे ०.०३ बिटकॉइनची मागणी केली. उत्पादकाने त्या वेळी राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसवरील यूपीएनपी बंद करण्यास सांगितले होते. यूपीएनपी चालू असेल तर नॅस स्वतःच राउटरला पोर्ट उघडायला लावतो, आणि ते उघडल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे हा धोका परत येण्याची दोन ठरावीक कारणे आहेत. एक म्हणजे इंटरनेट देणारा बदलतो किंवा विजेच्या धक्क्याने राउटर जळतो, नवा राउटर मूळ सेटिंग्जसह बसतो आणि त्यात यूपीएनपी पुन्हा चालू असते. दुसरे म्हणजे सीसीटीव्ही. संचालकांना किंवा व्यवस्थापकांना घरून कॅमेरे पाहता यावेत म्हणून स्थिर आयपी घेतला जातो, डीव्हीआरसाठी पोर्ट उघडले जातात आणि त्याच राउटरमागे, त्याच नेटवर्कमध्ये, खातेदारांच्या नोंदींचा नॅस असतो. स्थिर आयपी घेतला असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून त्या पत्त्याचे पोर्ट तपासावेत. नॅसच्या वेब लॉगिनचे पान किंवा फाइल शेअरिंगचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट उत्तर देत असेल तर ते त्याच क्षणी बंद करावे. बाहेरून प्रवेश खरोखरच हवा असेल तर तो व्हीपीएनमधून आणि दुहेरी पडताळणीसहच द्यावा. राउटर बदलला की ही तपासणी पुन्हा करावी.

सूचना आपल्यापर्यंत का पोहोचत नाही

अनेक संस्थांत परवाना पुरवठादाराच्या ईमेल पत्त्यावर नोंदवलेला असतो. उत्पादकाची सुरक्षा सूचना कोल्हापूरच्या किंवा हुबळीच्या कार्यालयात जाते, तिथे ती शेकडो ग्राहकांच्या पत्रव्यवहारात पडून राहते आणि संस्थेला ती लेखापरीक्षणाच्या दिवशीच कळते. परवान्याच्या नोंदणीत संस्थेचा स्वतःचा, व्यक्तीच्या नावाचा नसलेला, पत्ता घालून घ्यावा. कोणती त्रुटी आधी बुजवायची हे ठरवताना केवळ तीव्रतेच्या आकड्यावर विसंबू नये. अमेरिकेची सिसा ही सरकारी सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतील ७.५ तीव्रतेची त्रुटी ही यादीबाहेरच्या ९ तीव्रतेच्या त्रुटीपेक्षा आधी हाताळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हर थांबवता येत नसेल तर

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्याची नोंद आणि ऊसबिलांचे काम अखंड चालते आणि सर्व्हर थांबवायला कोणी परवानगी देत नाही. ही अडचण खरी आहे, पण हंगाम संपेपर्यंत ज्ञात त्रुटी उघडी ठेवणे परवडणारे नाही. उत्पादकाच्या सूचनेत बहुतेक वेळा तात्पुरता उपाय दिलेला असतो. सीव्हीई-२०२३-२७५३२ साठी, बॅकअपचे सर्व घटक एकाच सर्व्हरवर असतील तर ९४०१ पोर्ट बाहेरच्या जोडण्यांसाठी फायरवॉलवर बंद करणे हा तो उपाय होता आणि त्यासाठी काहीच थांबवावे लागत नव्हते. असा उपाय त्याच दिवशी करावा, त्याची मुदत लिहून ठेवावी आणि पॅचसाठी पाळी बदलण्याची किंवा साफसफाईसाठी गाळप थांबण्याची वेळ मागून घ्यावी.

जिथे पॅच येणारच नाही, तिथे उपकरण बदलण्याला पर्याय नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ ची नियमित सुरक्षा अद्यतने १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली, तरी त्यावर चालणारे फाइल सर्व्हर आजही दिसतात. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या उपकरणांतील डेटा जगभर एकाएकी पुसला गेला. त्या उपकरणांना २०१५ नंतर अपडेट मिळालेले नव्हते आणि फॅक्टरी रीसेटपूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये निष्क्रिय केलेल्या होत्या. नवे उपकरण येईपर्यंत जुन्याला इंटरनेटपासून पूर्णपणे तोडावे, स्वतंत्र व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) ठेवावे आणि त्यातील डेटाची एक प्रत ऑफलाइन ठेवावी.

घुसखोरीची चिन्हे दिसली तर आधी पॅच लावू नका

अनोळखी प्रशासक खाते, मध्यरात्री पुसलेले बॅकअप, बंद केलेले अँटिव्हायरस असे काही दिसले, तर सर्व्हर नेटवर्कवरून तोडावा, पण फॉरमॅट किंवा अपडेट करू नये. डेडबोल्टच्या वेळी फर्मवेअर अपडेट केल्यावर नॅसमधील मालवेअर रिमूव्हरने खंडणीची सूचना दाखवणारे पान हटवले. त्यामुळे त्यावरील बिटकॉइनचा पत्ता आधी टिपून ठेवण्याची सूचना उत्पादकाला करावी लागली. डिस्कची प्रत आणि लॉग आधी सुरक्षित करावेत.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. सहकारी बँकेने रिझर्व्ह बँकेकडे वेगळी सूचना द्यावी लागते. नॅस आणि बॅकअप सर्व्हरचे लॉग त्याच यंत्रावर ठेवले तर हल्लेखोर ते पुसतो, म्हणून ते वेगळ्या सर्व्हरकडे पाठवावेत आणि सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने) जुळलेली असावीत. वेळा जुळत नसतील तर कोणती घटना आधी घडली हे नंतर सिद्ध करता येत नाही.

लेखापरीक्षकाला द्यायचे उत्तर

‘अपडेट केले आहे’ या एका ओळीमुळे तीच त्रुटी पुढच्या वर्षी पुन्हा लिहिली जाते. उत्तरासोबत पॅचच्या आधीचा आणि नंतरचा पूर्ण बिल्ड क्रमांक, दोन्ही कंट्रोलरची किंवा सर्व एजंटांची यादी, यंत्र पुन्हा सुरू केल्याची वेळ, बदललेल्या पासवर्डच्या खात्यांची नावे (पासवर्ड अर्थातच नकोत), फायरवॉलच्या नियमाची प्रत आणि लॉगिन देऊन केलेल्या पुनर्तपासणीचा निकाल जोडावा. या यादीतील जी बाब जोडता येत नाही, तिथूनच ती त्रुटी परत येण्याची शक्यता असते. पुरवठादाराला पुढचा फोन त्या बाबीसाठी करावा आणि ती पूर्ण होईपर्यंत सेवापत्रकावर सही देऊ नये.